वडील गेल्यापासून प्रार्थनाच होत नाही. माझा विश्वास संपला का?

जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या आजारपणात घरी उपास झाले, साखळी प्रार्थना (पाळीपाळीनं अखंड केलेली) झाली, तरी ते गेले. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी "विश्वास कमी पडला" असं म्हटलं. आता जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला शिकायला आल्यावर प्रार्थनेला बसलं की आत काहीच हलत नाही, आणि बायबल खरं कशावरून हा प्रश्नही मागं लागलाय.

आधी त्या वाक्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त तेच सलतंय. असं म्हणणारे बहुतेक वेळा मत्तय १७:२० दाखवतात. तिथं अल्पविश्वासाचा बोल शिष्यांना आहे, आणि त्याच वचनात मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरे असंही म्हटलंय. म्हणजे मापाचा हिशेब तिथंच मोडतो. झटके येणाऱ्या मुलाला शिष्य बरं करू शकले नाहीत, तो हा प्रसंग मार्क ९:१४-२९ मध्ये वाचा. मुलाचा बाप एकाच दमात विश्वास आहे म्हणतो आणि अविश्वास घालवा म्हणून रडतो, तरी त्याचा मुलगा बरा होतो. उलट प्रेषित पौलानं अंगातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही (२ करिंथ १२:७-९). आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, तो मिलेत शहरात आजारीच सोडून आला (२ तीमथ्य ४:२०). गेथशेमाने बागेत, अटकेआधी, खुद्द प्रभूनं दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं आणि प्याला टळला नाही. यांचा विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल? तुमच्या वडिलांच्या मरणाचा दोष तुमच्या घराच्या माथी मारायचा अधिकार शास्त्र कुणालाही देत नाही.

आता एक वही घ्या आणि प्रत्येक शंका वेगळ्या पानावर पूर्ण वाक्यात लिहा. "सगळंच खोटं वाटतं" असं नको. "वडिलांना का नेलं" हे एक पान, "चार शुभवर्तमानांत (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांत) फरक का" हे दुसरं, "त्या माणसाचा राग येतो" हे तिसरं. ही वाटणी फार महत्त्वाची आहे. बिघडतं ते इथंच: दुःखावर उतारा म्हणून माणूस रात्री दोन वाजेपर्यंत यूट्यूबवरचे वादविवाद बघतो, आणि इतिहासाचा प्रश्न विचारणाऱ्याला "प्रार्थना करा" एवढंच सांगितलं जातं. दोघांचंही समाधान होत नाही.

दुःखाच्या पानासाठी स्तोत्र १३ घ्या. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा "कोठवर" येतं, मग मागणी, आणि शेवटी भरवसा. रोज दहा मिनिटं, खोलीचं दार लावून, मोठ्यानं म्हणा. चौथ्या ओवीनंतर थांबून तुमची स्वतःची तक्रार घाला, जशी तोंडात येईल तशी, घरच्या बोलीत. पाचवी ओवी मनापासून म्हणवत नसेल तर तिथंच आमेन म्हणा. भरवसा ओढूनताणून आणायचा नाही. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, आणि तरीही ते देवाला उद्देशून केलेल्या प्रार्थनांमध्ये आहे. देवाशी भांडणारा माणूस अजून देवाशीच बोलतोय, हे विसरू नका. मात्र वचनपेटीतून (बायबलची वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या डबीतून) चिठ्ठी काढणं किंवा बायबल कुठंही उघडून बोट ठेवणं या दिवसांत बंद ठेवा. नको ते वचन निघालं की मन त्यालाच शिक्षा समजतं.

इतिहासाच्या पानासाठी मार्कचं शुभवर्तमान, रोज एक अध्याय, सोळा दिवस. शेवटी १६:९-२० जवळ कंस किंवा तळटीप दिसली तर दचकू नका. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांत ती वचनं नाहीत. हे कुणी लपवलेलं नाही. मग १ करिंथ १५:३-८, येशूच्या मरणाबद्दल आणि पुन्हा उठण्याबद्दल. हे पत्र साधारण इ.स. ५५ च्या सुमाराचं, म्हणजे वधस्तंभानंतर पंचवीसेक वर्षांतलं, आणि पौल म्हणतो की हे मलाही आधीच्यांकडून मिळालं. येशूच्या कबरेशी कोण कोण स्त्रिया गेल्या हे चारही शुभवर्तमानांत वेगवेगळं आहे, ते स्वतः शेजारी शेजारी लिहून काढा. फरक कशात आहे आणि कशात नाही, हे दुसऱ्याच्या व्हिडिओपेक्षा स्वतःच्या हातानं लिहिलेलं जास्त दिवस टिकतं.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही चर्चच्या शिकवणीबद्दल त्या तिथल्या धर्मभगिनींशी (नन्सशी) पत्रांतून कडाडून वाद घालत होत्या. मनाला हवं ते समाधान मिळायला पुढं आणखी काही वर्षं गेली. त्याच रमाबाईंनी नंतर मराठीत बायबलचं भाषांतर केलं. प्रश्न विचारणं म्हणजे बाहेर पडणं नव्हे.

बोलायचं तर एकाच माणसाशी बोला, साक्षीच्या सभेत (जिथं आपले अनुभव सगळ्यांसमोर सांगतात) उभं राहून नको. पाळकसाहेबांकडे रविवारी उपासना सुटल्यावर दारात विषय काढू नका. त्यांना पुढच्या गावाची उपासना असते. आठवड्यातला वार ठरवून पाऊण तास मागा, आणि आधीच सांगा, "आज लगेच प्रार्थना नको, आधी ऐकून घ्या." आईला सध्या इतिहासाचे प्रश्न सांगू नका, तिचंही दुःख ताजं आहे. पण वडिलांची आठवण तिच्याशी जरूर काढा.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर घाटी या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) नंबरवर फोन करा. जगण्याचा कंटाळा आलेल्या एलीया संदेष्ट्याला देवानं आधी झोपू दिलं आणि दोनदा खाऊ घातलं, प्रश्न नंतर विचारला (१ राजे १९).

प्रभुभोजन (मंडळीतला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घ्यावं का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. घ्या. "अयोग्य रीतीने" हे १ करिंथ ११ मधलं वचन शंका असणाऱ्यांबद्दल नाही. गरिबांना उपाशी ठेवून आधीच खाऊन घेणाऱ्यांबद्दल आहे, १७ व्या वचनापासून वाचलंत की दिसेल.