न बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलाचे डोळे तपासता येतात का? चष्म्याचा नंबर कसा काढतात?

येतात, ताई. तुमचा सहा वर्षांचा मुलगा टीव्हीला नाक लावून, मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो आणि तरी "को-ऑपरेट करत नाही, मोठा झाला की आणा" म्हणून परत पाठवला, हे मला अजिबात पटलेलं नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, लहान मुलांचेच डोळे जास्त तपासते.

नंबर काढायला मुलाने बोलायची गरज नसते. रेटिनोस्कोप नावाच्या हातातल्या उपकरणाने डोळ्यावर उजेडाची पट्टी फिरवायची, बाहुलीतली चमक कुठल्या दिशेला सरकते ते बघायचं आणि ती सरकायची थांबेपर्यंत समोरची भिंगं बदलत राहायचं. मुलाने फक्त लांब बघायचं. तुम्ही खोलीच्या टोकाला उभं राहून मोबाईलवर त्याचं लाडकं गाणं लावलंत तरी काम होतं. त्याआधी डोळ्याचा जोर सैल करणारं औषध डोळ्यात घालावं लागतं, कारण मुलं डोळ्यावर जोर देऊन प्लसचा नंबर लपवतात. दवाखान्यात थेंब घालताना रडारड होणार असेल तर डॉक्टरांना अ‍ॅट्रोपिनच्या मलमाबद्दल विचारा. ते घरी घालून मग तपासणीला जाता येतं. नंतर काही दिवस उजेड टोचतो आणि जवळचं धूसर दिसतं, त्यामुळे शाळेत कल्पना द्या. चेहरा लाल झाला किंवा ताप आला तर मलम थांबवून डॉक्टरांना फोन करा.

दिसतं किती, हेही न बोलता कळतं. टेलर कार्डावर एका बाजूला रेघा असतात, दुसरी बाजू नुसती करडी. रेघा दिसल्या की मूल आपसूक तिकडे बघतं. जोड्या लावता येत असतील तर सफरचंद, घर, चौकोन, गोल अशी चार चित्रं असलेला ली तक्ता वापरतात. तो फिनलंडच्या डॉ. लेआ हुव्हारिनेन यांनी केलेला आहे. ही चार चित्रं कागदावर काढून घरी खेळ म्हणून जुळवायला शिकवा, तपासणीचं निम्मं काम तिथेच उरकतं.

आता वाकडी मान. ऑटिझममध्ये काही मुलांना कोपऱ्यातून बघायला आवडतं, हे खरं. पण तिरळेपणा, सिलिंडरचा (आडव्या-उभ्या दिशेत वेगवेगळा असलेला) नंबर किंवा डोळ्यांची थरथर असली तरी मूल असंच बघतं, आणि नुसतं बघून यातलं काय आहे ते सांगता येत नाही. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डोळे तपासलेल्या सुमारे 400 ऑटिस्टिक मुलांपैकी 40 टक्क्यांत काहीतरी दोष निघाला होता. (ही डोळे तपासायला आलेली मुलं होती, म्हणून आकडा थोडा फुगलेला धरा.) एका डोळ्याचा नंबर जास्त असला तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करतो आणि तो आळशी होतो. यावरचे उपचार सात-आठ वर्षांच्या आत चांगले लागू पडतात. म्हणून "मोठा झाला की" हा सल्ला मानू नका.

तो काय खातो हे तुम्ही लिहिलेलं नाही. नुसती बिस्किटं, चिप्स, पांढरा भात यावरच असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. फार मोजकं खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांमध्ये अ जीवनसत्त्व कमी पडून डोळे कोरडे पडल्याची, नजर गेल्याचीही नोंद आहे. संध्याकाळी अंधार पडल्यावर ठेचकाळत असेल तर थांबू नका.

"ऑटिझमवाल्यांची नजर गरुडासारखी असते" असं तुमच्या नणंदबाई म्हणतात, त्याचं मूळ केंब्रिजच्या 2009 सालच्या एका शोधनिबंधात आहे. पडदा इतका जवळ होता की तशी नजर मोजणं त्यावर शक्यच नव्हतं, असा आक्षेप त्याच वर्षी घेतला गेला. पुढे त्याच गटाशी संबंधित संशोधकांनी पुन्हा मोजलं तेव्हा फरक सापडला नाही.

जवळच्या जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (लहान मुलांच्या आजार-अडचणींवर लवकर उपचार करणारं सरकारी केंद्र) आहे का बघा, तिथे मुलांची डोळे तपासणी मोफत होते. सकाळची पहिली वेळ मागा. चष्मा लागलाच तर हलकी, मागून पट्टा बांधायची फ्रेम घ्या आणि सुरुवातीला फक्त टीव्ही बघताना घाला, कारण तेव्हा त्याला स्वतःलाच फरक जाणवतो. रंगीत काचांनी किंवा महागड्या व्हिजन थेरपीने (डोळ्यांच्या व्यायामांनी) ऑटिझम सुधारेल असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका.