रणगाडा नक्की कशाला म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की बातमीत एका फोटोखाली "रणगाड्याच्या मागच्या दारातून उतरणारे जवान" असं छापलंय, तर रणगाड्याला मागे दार असतं का, आणि रणगाडा म्हणजे फक्त टँक की पट्ट्यांवर चालणारी कुठलीही लष्करी गाडी?

आधी सरळ उत्तर देतो. रणगाडा म्हणजे टँक, आणि फोटोतली गाडी बहुतेक बीएमपी ही रशियन गाडी किंवा तसलीच काहीतरी असणार, म्हणजे जवानांना नेणारी चिलखती गाडी. मी लष्करी गाड्यांची १/३५ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याची, मॉडेल्स बनवतो, त्यात बीएमपी-१ करताना मागची दोन दारं हातात घेतली की लगेच जाणवतं की ही नुसती पातळ झाकणं नाहीत, चांगली फुगीर जाड आहेत, कारण खऱ्या गाडीत त्या दारांच्या पोकळीतच इंधन भरलेलं असतं. त्या दारांच्या आत पाठीला पाठ लावून आठ सैनिक बसतात, शिवाय तीन जणांचा क्रू. म्हणजे या गाडीचा जन्मच माणसं नेण्यासाठी झालाय, वर तोफ आहे ती त्यांना आधार द्यायला. बीएमपी या रशियन अक्षरांचा अर्थसुद्धा "पायदळाची लढाऊ गाडी" असाच आहे, रशियनांनीही तिला टँक म्हटलेलं नाही. वजन साधारण १३ टन, आणि रशियनांचाच टी-७२ टँक ४० टनांच्या वर, १२५ मिलिमीटरची तोफ, आत माणसं फक्त तीन. दोन्ही शेजारी उभे केले तर एकाच शब्दात बसवावेसे वाटणारच नाहीत. (मागे दार असलेला टँक अजिबात नाही असं मात्र नाही हं, इस्रायलच्या मर्कावाला आहे, कारण त्याचं इंजिन पुढे बसवलंय.)

आता शब्दाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. इंग्रजीतलं टँक हे मुळात खोटं नाव. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलखात्याच्या पुढाकाराने ही यंत्रं बनत होती तेव्हा त्यांना "लँडशिप", म्हणजे जमिनीवरचं जहाज, म्हणायचे, पण ते नाव कानावर पडलं तर शत्रूला सगळं कळलं असतं, म्हणून १९१५ च्या अखेरीस पाण्याच्या टाक्या बनतायत अशी हूल देऊन टँक हे नाव ठेवलं आणि १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ती पहिल्यांदा उतरल्यावरही तेच चिकटून राहिलं. आणि इंग्रजी कोश या टँक शब्दाची व्युत्पत्ती देताना पोर्तुगीजबरोबर गुजराती आणि मराठीकडेही बोट दाखवतात, म्हणजे आपलं खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं! म्हणजे टाकं तिकडे गेलं आणि तोफ लावून परत आलं, आणि आपण मात्र त्याला टाकं न म्हणता रणगाडा म्हटलं, हे मला फार आवडतं. कारण फसवायला ठेवलेलं नाव तसंच न उचलता आपण वस्तू काय आहे ते सांगितलं. फ्रेंचही असंच करतात, त्यांचा शब्द "शार", म्हणजे गाडा किंवा रथ. जर्मन "पांझर" म्हणजे मुळात अंगात घालायचं चिलखत, तो आपल्या चिलखती गाडीच्या जवळ जातो.

गाडा आणि गाडी यातला फरक तर मराठी कानाला शिकवावा लागत नाही. सुरा-सुरी, हंडा-हंडी, तसंच गाडा-गाडी, पुल्लिंगी रूप आलं की वस्तू मोठी, जड, दांडगी. म्हणून रणगाडी कोणी म्हणत नाही आणि चिलखती गाडा असंही सहसा ऐकू येत नाही. योगायोग बघा, त्या पहिल्या ब्रिटिश मार्क-१ टँकमध्येही "नर" आणि "मादी" असे दोन प्रकार होते, नराला दोन तोफा आणि मादीला नुसत्या मशीनगन.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तिसऱ्या प्रकारात, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या तोफेत. अमेरिकन एम१०९ घ्या, पट्टे आहेत, वर फिरणारं टरेट, म्हणजे तोफेचा बुरूज, आहे, लांबलचक १५५ मिलिमीटरची नळी आहे, बघणारा शंभर टक्के रणगाडा म्हणणार. पण तिचं चिलखत अ‍ॅल्युमिनियमचं, गोळ्या आणि उडणारे तुकडे अडवण्यापुरतं, आणि ती कित्येक किलोमीटर मागे राहून डोळ्याला न दिसणाऱ्या लक्ष्यावर गोळे टाकते, तर रणगाडा समोर जाऊन दिसणाऱ्या शत्रूवर नेम धरतो. टरेटवरून तर ठरवूच नका, स्वीडनच्या एस-टँकला टरेटच नव्हतं, नेम धरायला अख्खा रणगाडा वळवायचे, तरी तो रणगाडाच. एम१०९ सारखीला पेपरात स्वयंचलित तोफ लिहितात, ते मला पटत नाही, कारण वाचणाऱ्याला वाटतं की तोफ आपोआप डागली जाते, मुद्दा तर तोफ स्वतःच्या इंजिनावर चालते हा आहे. आपल्याकडे तोफगाडा हा जुना शब्द आहे, ज्यावर तोफ ठेवून ओढत न्यायचे तो चाकांचा गाडा. ओढणारे बैल जाऊन इंजिन आलं एवढंच समजा, मी तर बिनधास्त तोफगाडा वापरतो आणि अजून कोणाला समजावून सांगावं लागलेलं नाही.

लढाऊ विमान या शब्दाचंही असंच होतं, मालवाहू विमानालाही लढाऊ लिहून टाकतात, पण फायटरला लढाऊ, बॉम्बरला बाँबफेकी आणि बाकीच्यांना नुसतं लष्करी विमान म्हटलं की झालं.

तर त्या फोटोखाली "चिलखती गाडीच्या मागच्या दारातून उतरणारे जवान" एवढंच हवं होतं.