ब्रुनो सूड उगवत नाहीये, घाबरलाय तो

प्रश्न : आमचा ब्रुनो अडीच वर्षांचा लॅब्राडोर. त्याला आणलं तेव्हा आम्ही दोघंही वर्क फ्रॉम होम करायचो. आता दोघांनाही रोज ऑफिसला जावं लागतं आणि तेव्हापासून त्याने दाराची चौकट कुरतडलीये, मॅट फाडलंय, शेजारच्या काकू म्हणतात सारखा रडत असतो. सोसायटीच्या ग्रुपवर पण तक्रार आलीये. मी घरात शिरले की कान पाडून कोपऱ्यात बसतो, म्हणजे चूक कळते ना त्याला? सासूबाई म्हणतात मुद्दाम करतोय, दोन फटके द्या. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, फटके अजिबात नकोत, आधी हेच सांगते. ते कान पाडणं, नजर चुकवणं आपल्याला अपराधीपणाचं वाटतं, पण अमेरिकेतल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात मालकाने खाऊला तोंड लावू नको म्हणून बजावायचं आणि बाहेर जायचं, आणि परत आल्यावर कुत्र्याने खाल्लं की नाही हे संशोधकांनी मालकाला कधी खरं तर कधी खोटं सांगायचं असं होतं. तर ‘तो’ चेहरा खाण्या-न खाण्यावर अवलंबूनच नव्हता, मालक ओरडला की दिसायचा, आणि काहीच न खाता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांत तर जास्तच. म्हणजे ब्रुनो तुमचा चेहरा वाचतोय. सकाळी कुरतडलेल्या चौकटीसाठी संध्याकाळी मारलंत तर त्याला एवढंच कळेल की आई घरी आली की मार बसतो, आणि मग तो तुमच्या जाण्याला घाबरतो तसा येण्यालाही घाबरेल.

उद्या एक करा, मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा. पहिल्या अर्ध्या तासातच हाका मारणं, धापा टाकणं, लाळ गळणं, दार खरवडणं सुरू झालं तर ती एकटेपणाची भीती. दोन तास झोप काढून मग उठून चपला चघळत असेल तर तो कंटाळा, त्याला सकाळी चांगलं तासभर फिरवलं, वास घेऊ दिला की बराच फरक पडतो. तुमच्याकडे नुकसान दाराशीच आहे म्हणून मला भीतीच वाटतेय. आमच्या देशी कुत्रीने पहिल्या महिन्यात दाराचा आतला रंग हातभर उंचीपर्यंत खरवडला होता, नखातून रक्त आलेलं, ते डाग पुसताना मला रडू आवरत नव्हतं.

उपाय आहे पण वेळ लागतो, आठवडे, कधी महिने. किल्ली वाजली, पर्स उचलली की ब्रुनो अस्वस्थ होत असणार, तर दिवसातून आठ-दहा वेळा किल्ली उचला आणि परत सोफ्यावर बसा, कुठे जाऊच नका. किल्लीकडे त्याने बघणं सोडलं की दार लावून पाच सेकंद बाहेर, मग दहा, मग अर्धा मिनिट, आणि तो रडायच्या आत परत यायचं. रडला तर तुम्ही घाई केलीत, मागे या. या काळात त्याला दिवसभर एकटं ठेवू नका, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात जातं, दोघांनी आलटून पालटून घरून काम मागून बघा, डेकेअर बघा, सासूबाईंना काही दिवस येऊन राहता आलं तर फारच छान. पोकळ खेळण्यात दहीभात भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि निघताना द्या, तुम्ही येईपर्यंत तोंडही लावलं नाही तर भीती खूप आहे समजा आणि व्हेटना दाखवा, त्यावर औषधं आहेत, ती द्यायला कचरू नका. पिंजऱ्यात कोंडू नका, दात तुटेपर्यंत धडपडतात बिचारे. सोबतीला दुसरा कुत्रा आणूनही सहसा भागत नाही, त्याला तुम्ही हव्या असता.

सोसायटीचं म्हणाल तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. पण काकूंना त्रास होतोय हेही खरंच आहे, ग्रुपवर वाद न घालता त्यांच्या घरी जा, काय उपाय चाललाय ते सांगा.

प्रश्न : तीन महिन्यांचं पिल्लू मुलाचे हात-पाय चावतं. तोंडावर मारावं का?
– एक बाबा, सांगली

उत्तर : नको हो दादा. दुधाचे २८ दात साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडून ४२ पक्के येतात, तोवर चावणं चालणारच. ओला फडका पिळून फ्रीझरमध्ये गार करून चघळायला द्या, हाताने खेळवू नका, चावलं की खेळ तिथेच थांबवून उठून जा, घरातल्या सगळ्यांनी. मुलाच्या कातडीला दात लागून ओरखडा जरी आला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, घरचंच पिल्लू आहे म्हणून सोडू नका. पिल्लाची रेबीजची लस याच वयात सुरू होते, ती राहिली असेल तर याच आठवड्यात घ्या.

प्रश्न : सात वर्षांची आमची कुत्री चिंगी अचानक घरात शू करायला लागलीये.
– एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, ओरडू नका तिला, आधी लघवी आणि रक्त तपासून घ्या. या वयात अचानक असं झालं तर इन्फेक्शन, मधुमेह, किडनी यातलं काहीही असू शकतं. पाणी जास्त पितेय का तेवढं दोन दिवस बघून ठेवा, व्हेट पहिलं तेच विचारतील.