चित्र आहे, पण आवाज गेला कुठे?

प्रश्न : आईच्या एकसष्टीचे चित्रीकरण मोबाइलवर केले होते. ती एमपी४ फाइल जशीच्या तशी डीव्हीडीवर उतरवली, तर आईकडच्या प्लेअरवर चित्र दिसते, आवाज मात्र अजिबात येत नाही. मग एका सॉफ्टवेअरने रीतसर डीव्हीडी तयार केली. तिच्यात आवाज आला, पण तासाभराने ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. लॅपटॉपवर मूळ फाइल उत्तम चालते. दोष डिस्कचा की प्लेअरचा?

उत्तर : दोष बहुधा दोघांचाही नाही आणि दोन्ही तक्रारींची कारणेही वेगवेगळी आहेत. मोबाइल सहसा आवाज एएसी या प्रकारात साठवतो. डीव्हीडी-व्हिडिओच्या मानकात एएसीला स्थान नाही. तिथे एसी-३, एमपी२ किंवा असंपीडित पीसीएम यांपैकी एक प्रकार, तोही ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेऊन, अपेक्षित असतो. त्यामुळे काही प्लेअर एमपी४ मधले चित्र उलगडतात आणि आवाजापाशी अडतात. लॅपटॉपवरचा व्हीएलसीसारखा प्लेअर (व्हिडिओ चालवणारे सॉफ्टवेअर) बहुतेक प्रकार जाणतो, म्हणून तिथली चाचणी या बाबतीत फसवी ठरते. मात्र व्हीएलसीतच कंट्रोल आणि जे ही बटणे एकत्र दाबल्यास फाइलमधील आवाजाचा प्रकार कळतो, तेवढे पाहून घ्यावे.

दुसरी तक्रार अधिक चिवट आहे. आवाज सुरुवातीपासून सारखाच मागे असता, तर ठरावीक अंतराने तो सरकवून भागले असते. तुमच्याकडे फरक हळूहळू वाढतो आहे, आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे मोबाइल प्रकाश व प्रोसेसरवरील ताण पाहून दर सेकंदाच्या चित्रचौकटींची (फ्रेमची) संख्या कमीजास्त करत राहतो. डीव्हीडीला ही संख्या स्थिर लागते. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने हा चढउतार नीट हिशेबात घेतला नाही, की चित्र एका गतीने आणि आवाज दुसऱ्या गतीने चालू लागतो.

म्हणून आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइल उघडून व्हिडिओ विभागात सेकंदाला २९.९७ चौकटी हा दर निवडावा आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ ठेवावे. आपल्याकडची टीव्ही-डीव्हीडीची पद्धत २५ चौकटींची, म्हणजे ‘पाल’ची, हे खरे. पण मोबाइलचे चित्रीकरण सहसा ३० चे असते, ते २५ वर आणल्यास हालचाल अडखळते, आणि आपल्याकडचे बहुतेक प्लेअर एनटीएससी ही २९.९७ चौकटींची पद्धतही चालवतात. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी रचत नाही. तयार झालेली फाइल डीव्हीडी रचणाऱ्या डीव्हीडीस्टायलर या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन एनटीएससी, स्टीरिओ एसी-३ आणि ४८ किलोहर्ट्झ निवडावे. ‘कॉपी’ हा पर्याय मात्र टाळावा, कारण मग आवाज न बदलता तसाच पुढे जातो.

थेट डिस्क न उतरवता आधी आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली प्रतिमा, बनवावी आणि व्हीएलसीत तिचा शेवटचा भाग ऐकावा, कारण सुरुवातीला ही चूक कळत नाही. त्यानंतर पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर, आईकडचा प्लेअर ती वाचत असल्यास, एक चाचणी घ्यावी.