मंडपातल्या संगणकावर पाटी का बिघडते?

प्रश्न : मंडळाच्या गणपतीसाठी मी पायथनमध्ये आरतीच्या वेळांची सरकती पाटी केली आहे. घरच्या लिनक्सवर झकास चालते. मंडळाच्या विंडोज ७ वर मात्र बाण, चौकोनी कंस, दोनचा आकडा आणि इंग्रजी जे, अशी रांग लागते. काय करू?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ती रांग म्हणजे ‘पडदा पूस’ हा हुकूम. डेक कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी१०० टर्मिनलवर (संगणकाला तारेनं जोडलेला पडदा आणि कळफलक) असे हुकूम चालत, पुढे बहुतेकांनी तेच उचलले. विंडोज ७ ची काळी खिडकी, म्हणजे तिथलं आजचं टर्मिनल, ते ओळखत नाही, म्हणून पाळायच्या ऐवजी छापून मोकळी होते. विंडोज १० मध्ये ही सोय आली.

पण मुळात असे हुकूम प्रोग्रॅममध्ये हातानं लिहूच नका. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलचे हुकूम वेगळे असत. बर्कलीत बिल जॉय यांनी ‘टर्मकॅप’ केलं, म्हणजे कुठल्या टर्मिनलला काय सांगायचं याची वहीच. तिच्या आधारानं केन अर्नोल्ड यांनी ‘कर्सेस’ लिहिलं, म्हणजे प्रोग्रॅमच्या वतीनं पडदा सांभाळणारी तयार हत्यारं. मला कर्सेसचं मनापासून कौतुक आहे. पडद्यावर आत्ता काय आहे आणि काय हवंय, हे दोन्ही ते लक्षात ठेवतं आणि फरक तेवढाच पाठवतं. त्या काळी ९६०० बॉडच्या (बॉड म्हणजे तारेचा वेग मोजायचं माप) तारेवरून सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जात. ८० रकाने आणि २४ ओळींचा पडदा पूर्ण भरायला दोन सेकंद. दर वेळी सगळं पुसून पुन्हा लिहायचं म्हटलं तर पाटी सरकणार कशी? तुमची पाटी लुकलुकत असेल तर तेही त्या पुसण्यामुळेच.

विंडोजवर पायथनसोबत कर्सेस येत नाही, ‘विंडोज-कर्सेस’ वेगळं बसवावं लागतं. तरी विंडोज ७ च्या त्या खिडकीत देवनागरी धड जुळणार नाहीच. मी तुमच्या जागी असते तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं असतं.

आता खरी मेख. ‘मोरया’ दिसायला तीन अक्षरं, पण पायथन मोजतो पाच : म, ओकाराची मात्रा, र, य, काना. एकेक मोजून डावीकडून कापत गेलात की ‘म’ जातो आणि मात्रा उघडी पडते, पोकळ ठिपक्यांच्या गोलावर बसलेली. मंडपात हे फार वाईट दिसतं. ‘रेजेक्स’ हे पायथनचं जोड-मॉड्यूल बसवा, त्यातल्या उलटी तिरकी रेघ आणि मोठा एक्स या खुणेनं मजकुराची पूर्ण अक्षरं पाडा आणि तीच सरकवा. शिवाय काना-ओकाराला काही टर्मिनलं रकाना देतात, काही देत नाहीत. त्यामुळे उजवी कड डगमगते. तिथे दोन-तीन रकाने मोकळे सोडा आणि ज्या यंत्रावर पाटी लागणार त्यावरच तालीम करा.

सगळा प्रोग्रॅम ‘कर्सेस डॉट रॅपर’ या कर्सेसमधल्याच वेष्टणातून चालवा. मध्येच चूक होऊन तो बंद पडला, तरी टर्मिनल पूर्ववत होतं, पुढच्या माणसाला टाइप करता येतं.