इटलीतलं मोन्तोने हे गाव नेमकं कुठे आहे आणि त्याचा इतिहास काय?

मोन्तोने मध्य इटलीत, उंब्रिया प्रांतात पेरुजाच्या उत्तरेला आहे. टेकडीच्या माथ्यावर तटबंदीत वसलेलं छोटंसं गाव, आणि खाली रोमकडे वाहत जाणाऱ्या टायबर नदीचं वरचं खोरं. गावाला नाव मिळवून दिलं ते ब्राच्चो दा मोन्तोने या भाडोत्री फौजेच्या सेनापतीने. त्याने 1416 मध्ये पेरुजा जिंकलं आणि 1424 मध्ये लाक्विलाच्या लढाईत जखमी होऊन तो मरण पावला.

पण आपण मराठी माणसांनी हे गाव लक्षात ठेवायलाच हवं, ते नाईक (हा लष्करी हुद्दा) यशवंत घाडगे यांच्यासाठी. रायगडमधल्या माणगाव परिसरातला, ब्रिटिश भारतीय सेनेतल्या मराठा लाइट इन्फंट्री या पायदळाचा हा जवान. दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 रोजी याच खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. तेव्हा ते एकटेच जर्मन मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड फेकला, गोळ्या संपल्यावर बंदूक उलटी धरून तिने वार केले. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय जेमतेम 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

2023 मध्ये मोन्तोनेत त्यांचं स्मारक उभं राहिलं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे.