वडिलांचा जुना गॅरार्ड एसपी २५ रेकॉर्ड प्लेअर सुरू होतो, पण घरघरतो आणि वेगही डगमगतो. सोलापुरात घरच्या घरी दुरुस्त होईल का?

होईल. मोटर फिरतेय ना, मग दोष बहुतेक आयडलरचा. मोटरची पुली आणि ताटाची (ज्यावर रेकॉर्ड ठेवतो त्याची) आतली कड यांच्यामधलं ते रबरी चाक. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर दगड होतं. त्यात वाजताना वीज गेली आणि नॉब बंद करायचा राहिला, की चाक पुलीला दाबलेलंच राहतं आणि तिथं खळगा पडतो. मग प्रत्येक फेऱ्याला 'धप, धप'. माझ्या चाकाचा खळगा नखाला लागत होता.

ताट उचला, चाकाची क्लिप काढा (ती उडते, खाली फडकं पसरा). चाक, पुली, ताटाची कड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल नको, रबर फुगतं. खळगा उरला तर चाकाला नवं रबर चढवून लेथवर गोल करून घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवाले आहेत. मोटरच्या बुशांना शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब. खोबरेल अजिबात नाही, चिकटा होतो. चाकावर तेल लागता कामा नये.

वेग पाहायला १८० रेघांची स्ट्रोब चकती छापून फिरत्या ताटावर ठेवा. चोकवाल्या ट्यूबलाइटखाली मिनिटाला बरोबर ३३⅓ फेरे होत असतील तर रेघा स्थिर दिसतात. एलईडीखाली बऱ्याचदा दिसतच नाहीत.

अपग्रेड म्हणाल तर आधी जड लाकडी बैठक, महागडं कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) नंतर. आणि वरून सोलापुरी चादर झाकू नका, तिचे तंतू सुईत अडकतात. अनुभव आहे.